दोन कुलपांचं कपाट

कपाटाला दोन कुलपं लावायची कल्पना माझी होती. हे आधीच सांगून टाकते. मंडळातले लोक आता ती कोणाची होती हे आठवत नसल्यासारखं दाखवतात, माझी लाज राखायला म्हणून. मला नको तो उपकार.

बुलढाण्यात आमचं एक इतिहास संशोधन मंडळ आहे. मी शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात मंडळाची कार्यवाह झाले. घरचे म्हणाले, आता तरी बस घरी. घरी बसून काय करायचं, भिंती मोजायच्या? मला कामाची हौस आणि त्याहून मोठी हौस वहीची. सभेत कोण काय बोललं, ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिलं, सगळं त्या लांबोळक्या इतिवृत्ताच्या वहीत माझ्या अक्षरात उतरायचं. अध्यक्ष म्हणायचे, बाईंची वही म्हणजे छापील पुस्तक. मी खूश. मेलं कौतुक कोणाला नको असतं?

मंडळ छोटं, पण समित्या भरपूर. वरती कार्यकारिणी. मग संपादन समिती, तिच्याकडे वार्षिक अंक आणि पुस्तकं. संग्रह समिती, तिच्याकडे जुनी कागदपत्रं, पोथ्या, ठसे. इमारत समिती, तिच्याकडे दोन खोल्या, एक व्हरांडा आणि नळाची भानगड. अधिवेशन समिती वर्षातून एकदा जागी व्हायची आणि खरं सांगायचं तर तीच सगळ्यांत चोख होती, कारण दोनशे माणसांचं जेवण पुढच्या बैठकीवर ढकलता येत नाही. बाकी सगळं ढकलता येतं. कोणताही विषय आला की कोणीतरी म्हणायचं, हे अमक्या समितीकडे वर्ग करा. मी लिहायचे, ‘वर्ग करण्यात आले’. चहा यायचा. आळशी कोणीच नव्हतं हो. एकेक माणूस स्वतःच्या खिशातून एसटीचं तिकीट काढून शेगावहून, मेहकरहून यायचा. प्रत्येकजण आपल्या वाट्याचं काम जिवापाड करायचा आणि दुसऱ्याच्या वाट्याला बोट लावायचा नाही. यालाच आम्ही शिस्त म्हणायचो.

कुलपांचं असं झालं. मी येण्याआधी एका सभासदानं एक जुना दस्त वाचायला म्हणून घरी नेला आणि तो परत आलाच नाही. त्यावरून पुष्कळ चिखलफेक झाली. मी कार्यवाह झाल्यावर म्हटलं, कायमचा बंदोबस्त करू. आतल्या खोलीत भिंतीतलं एक सागवानी कपाट होतं. त्याला दोन कुलपं लावली. एक किल्ली संग्रह समितीच्या प्रमुखांकडे, एक संपादन समितीच्या. दोघं हजर असल्याशिवाय कपाट उघडायचं नाही, आणि आतल्या वस्तूचा फोटोसुद्धा समितीच्या लेखी परवानगीशिवाय काढायचा नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला. टाळ्या वाजल्या.

त्यानंतर वर्षभरानं चाचा आले.

चाचा देऊळघाटचे. दगड कोरायचं काम. कब्रीवरचे दगड, घरावरच्या पाट्या, मंदिराच्या पायरीवर देणगीदाराचं नाव, जे येईल ते कोरायचे. शाळा चौथीपर्यंत. पण उर्दू, फारसी, बाळबोध, मोडी, सगळी वळणं हातात होती, कारण आयुष्यभर तीच छिन्नीनं काढली होती. कामाला ज्या गावी जायचे तिथले जुने दगड बघायचे. ओला कागद दगडावर ठोकून, वरून काजळीची पुरचुंडी फिरवून ठसा घ्यायचे, तो वहीत चिकटवायचे आणि समोरच्या पानावर वाचन लिहायचे. चाळीस वर्षांत अशा सात वह्या भरल्या. त्या एका चादरीत बांधून ते मंडळात आले आणि माझ्या टेबलावर गाठोडं सोडलं.

“बाई, हे छापून टाका,” ते म्हणाले. “माह्या डोळ्याले काचबिंदू हाय. डॉक्टर म्हनते हळूहळू जाईन. छापलेलं एकदा मले पाह्यचं हाय. मंग गेले तं गेले डोळे.”

मी वही उघडली. काय सांगू! इतिहास शिकवून शिकवून माझं आयुष्य गेलं, पण असं काम मी कोणाच्या हातचं पाहिलं नव्हतं. शेवटच्या वहीतलं एक पान त्यांनी मुद्दाम काढून दाखवलं. गावाबाहेरच्या रस्त्यालगत एक जुनी बारव होती, तिच्या दगडाचा ठसा. वर मोठ्या फारसी अक्षरांत बांधवून घेणाऱ्या सरदाराचं नाव. ते सगळ्यांना माहीत होतं, आमच्याच अंकात दोनदा छापून आलं होतं. चाचांनी बोट खाली नेलं. दगडाचा खालचा भाग मातीत गेलेला होता, तो त्यांनी स्वतः उकरून काढला होता. तिथे बारीक, ओबडधोबड अक्षरांत सात नावं होती. ज्यांनी बारव खोदली आणि बांधली त्यांची.

“बांधवनाऱ्याचं नाव तं कोनीबी लिहिते. खाली पाहा. ह्ये माहे लोक हायेत,” ते म्हणाले. “चोरून कोरलं त्यायनं. मालकाले दिसू नाही म्हनून एवढं खाली.”

आणि मग सांगितलं की रस्ता रुंद करताना तो दगड फोडून खाली भरावात टाकला. म्हणजे ती सात नावं जगात एकाच ठिकाणी उरली होती, माझ्या टेबलावर.

मी म्हटलं, “चाचा, दिवाळीच्या अंकात घेऊ. मग पुस्तक करू. माझा शब्द.”

शब्द द्यायला काय लागतं! वह्या रीतसर दाखल करून घेतल्या, पोच लिहून दिली, आणि दोन्ही समितीप्रमुख त्या दिवशी बैठकीला आलेलेच होते म्हणून लगेच कपाटात ठेवल्या. दोन्ही कुलपं लागली. चाचांनी ती दोन्ही ओढून बघितली आणि समाधानानं मान हलवली. निघताना म्हणाले, घरी सुनेनं एकदा चुलीजवळ ठेवल्या होत्या, तेव्हापासून झोप नव्हती, आता निर्धास्त झालो. हे वाक्य आठवलं की अजूनही मला उठून दुसऱ्या खोलीत जावं लागतं.

पहिली दिवाळी तर अशीच गेली. संपादन समिती म्हणाली, लेखकाला पदवी नाही, वाचन तज्ज्ञाकडून तपासून घ्या. तज्ज्ञ नेमायला तज्ज्ञ समिती. तिनं बाहेरगावच्या एका प्राध्यापकांना निवडलं. ते आले, कपाट उघडलं, चार तास बसले, गेले, आणि आठ महिन्यांनी पत्र पाठवलं. वाचन अचूक आहे, मांडणी शास्त्रीय नाही, बारवेच्या लेखातल्या तळाच्या नावांना ऐतिहासिक महत्त्व नसल्यानं ती गाळावीत. मी ते पत्र सभेत वाचून दाखवलं. नावं गाळायची नाहीत, एवढं मात्र मी भांडून वहीत लिहून घेतलं. केवढा पराक्रम!

मग ठरलं की चाचांनीच मांडणी सुधारून द्यावी. आता सुधारायची म्हणजे वह्या कपाटातून काढून त्यांना द्यायला हव्यात, निदान प्रती तरी. प्रती म्हणजे स्कॅनिंग, आणि स्कॅनिंग कसं करावं हे ठरवायला उपसमिती. माझ्या पर्समध्ये फोन होता. नातवाचे शेकडो फोटो होते त्यात, अंघोळ करतानाचे, नाक शेंबडं असतानाचे. प्राध्यापक आले त्या दिवशी चार तास वह्या उघड्या पडल्या होत्या माझ्यासमोर. मी काय करत होते? कोण किती वाजता आलं ते लिहीत होते.

आणि नेमकं त्याच सुमारास दोन्ही किल्लीवाल्यांचं फाटलं. संग्रह समितीचे प्रमुख शेगावचे, संपादनवाले बुलढाण्याचेच. अधिवेशनाच्या पत्रिकेत कोणाचं नाव आधी, यावरून. हसू नका. पन्नास वर्षं एका ताटात जेवलेली माणसं, एक ओळ वर-खाली झाली म्हणून एकमेकांचं तोंड बघेनात. एक येणार असला की दुसऱ्याला ताप यायचा. मी दोघांना पत्रं पाठवायचे. दोघांचीही उत्तरं यायची, किती सभ्य! ‘आपण सोयीची तारीख कळवावी.’ हे एक तारीख कळवत, ते नेमकी ती सोडून दुसरी.

चाचा दर एक-दोन महिन्यांनी यायचे. देऊळघाट काही लांब नाही, पण त्यांना आता बसचा बोर्ड दिसत नव्हता. कोणाला तरी विचारून चढायचे. व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे, चहा घ्यायचे आणि विचारायचे.

“बाई, माह्या वह्या मले दाखवा एक डाव.”

“चाचा, पुढच्या आठवड्यात नक्की.”

“काऊन नाही खुलून राह्यलं ते कपाट?”

मी समजावून सांगायचे. समित्या, अधिकार, ठराव. ते शांतपणे ऐकायचे. एकदा म्हणाले, “आमच्या मस्जिदीचीबी कमिटी हाय बाई. लय भांडनं होतात तिच्यात. पन चावी एकच हाय.” आणि हसले. मीही हसले. बाकावरून उठताना त्यांचा हात चुकून हवेत फिरला आणि मग माझ्या खांद्यावर पडला. कोपऱ्यातून थोडं दिसतं, म्हणाले. समोरचं नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात मला कपाटाच्या बाजूच्या भिंतीवर मातीची एक बारीक रेघ दिसली. नखानं खरवडली तर आत पांढऱ्या अळ्यांसारखं काहीतरी पळालं. वाळवी. त्याच दिवशी इमारत समितीला पत्र दिलं. त्यांनी तातडीनं, हो, चक्क चार दिवसांत, औषधवाला आणला. तो म्हणाला, आतून मारल्याशिवाय उपयोग नाही, कपाट रिकामं करा. इमारत समितीचं म्हणणं, भिंत आमची, कपाट संग्रहवाल्यांचं. संग्रहवाले म्हणाले, कपाट आमचं, पण आतल्या वह्या संपादनाच्या ताब्यातल्या. संपादनवाले म्हणाले, आम्ही केव्हाही तयार आहोत, शेगावकरांना बोलवा. शेगावकर म्हणाले, मी केव्हाही तयार आहे, त्यांनी तारीख द्यावी.

मी कार्यकारिणीची तातडीची सभा लावली. गणसंख्या झाली नाही. नियमाप्रमाणे अर्धा तास थांबून तहकूब सभा घेतली, पाच जण होतो. आमच्यातले एक मेहकरचे वकील म्हणाले, “बाई, कुलूप तोडू ना. पाच मिनिटाचं काम हाय.”

आणि मी म्हटलं, मी, बरं का, दुसऱ्या कोणी नाही: “तहकूब सभेला तो अधिकार नाही.”

खरंच नव्हता. मी नियम उघडून दाखवला. वकिलांनी हात वर केले. रस्त्याच्या पलीकडे हार्डवेअरचं दुकान आहे, खिडकीतून त्याचा बोर्ड दिसतो. मी त्याकडे पाठ करून वहीत लिहिलं, ‘दोन्ही समितीप्रमुखांना स्मरणपत्र पाठवावे’. खाली सही केली.

कपाट उघडलं ते पुढच्या अधिवेशनात. प्रदर्शन मांडायचं होतं, तेव्हा दोघांनाही येणं भाग पडलं. एकमेकांकडे न बघता त्यांनी आपापल्या किल्ल्या फिरवल्या. दार उघडलं. बाहेरून काहीच कळत नव्हतं. सातही वह्या ओळीत उभ्या होत्या, लाल कापडी पाठी तशाच्या तशा. माझ्या जिवात जीव आला, देवाशप्पथ. मी पहिली वही काढायला हात लावला आणि ती हातात आली ती पापडासारखी हलकी. पाठ तेवढी माझ्या हातात राहिली. आतली माती खाली सांडली, माझ्या साडीवर, चपलांवर.

दुसरी तशीच. तिसरी, चौथी. सातव्यात पुठ्ठा आणि कडेचा बोटभर कागद उरला होता. त्यावर काजळीचा काळा डाग होता.

मग अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, “एक चौकशी समिती नेमावी लागेल.”

मी पेनाचं टोपण काढलं. माझ्या पायावर त्या माणसाच्या चाळीस वर्षांची माती पडली होती आणि मी टोपण काढलं! या हातांची मला तेव्हा जी किळस आली ती गेलेली नाही.

चाचांना कोणी सांगायचं यावरही चर्चा झाली. रीतसर पत्र पाठवावं, असं एकाचं मत पडलं. मी म्हटलं, पत्र त्यांना वाचून कोण दाखवणार, त्यांची सून? दुसऱ्या दिवशी सकाळी मी काळी-पिवळीत बसून देऊळघाटला गेले. सातव्या वहीचा पुठ्ठा पिशवीत होता. का घेतला, माहीत नाही. रिकाम्या हातानं जाववेना.

चाचा ओसरीत बाजेवर बसले होते. आता अजिबात दिसत नव्हतं. सुनेनं सांगितलं, मंडळाच्या बाई आल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

“छापून आलं?” त्यांनी दोन्ही हात पुढे केले. “द्या, द्या. दिसत नाही तं काय झालं, हात तं लावू द्या.”

मी त्या हातांवर पुठ्ठा ठेवला. दुसरं काय ठेवणार होते? त्यांनी अंगठ्यानं कापडी पाठ चाचपली, ओळखली. बोटं आत गेली. कडेचा कुरतडलेला कागद त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू तपासला, दगडावरचं अक्षर तपासावं तसा. मग बोटं नाकाशी नेली.

“उधई,” ते म्हणाले.

“हो चाचा.”

“साती?”

“हो.”

“बारवेचं पान?”

सून दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. मी मग सगळं सांगून टाकलं. रेघ दिसली ते, पत्रं, तहकूब सभा, वकील काय म्हणाले आणि मी काय म्हणाले, तेही. वाटलं होतं, ते मोठ्या मनानं म्हणतील, जाऊ द्या बाई, नशीब. तसं काही म्हणाले नाहीत.

“एक हातोडी नाही भेटली तुमाले?” चाचा म्हणाले. “माह्या घरी चार हायेत. मले सांगतलं असतं तं मी आलो असतो ना, अंधा. एका ठोक्याचं कुलूप होतं ते. मी पाह्यलं होतं.”

मी खाली मान घालून बसले. पुठ्ठा बाजेवर ठेवून ते म्हणाले, “लिहा.”

“काय?”

“नावं. बारवेचे. मले पाठ हायेत. लिहा.”

मी पर्समधून कागद काढला. त्यांनी पहिलं नाव सांगितलं. मग दुसरं, तिसरं. बोटांनी बाजेच्या लाकडावर अक्षरं कोरल्यासारखी करत होते. चौथं. पाचवं सांगायला वेळ लागला, पण आलं. सहाव्याला त्यांचं बोट थांबलं. पुन्हा पहिल्यापासून म्हणत आले. पुन्हा तिथेच थांबले. चहा आला, त्यावर साय धरली. ते पुन्हा पुन्हा पहिल्यापासून म्हणत होते आणि प्रत्येक वेळी पाचव्यानंतर ओठ नुसते हलत होते.

“जा बाई तुम्ही घरी,” शेवटी ते म्हणाले. “आठवलं की फोन करतो.”

आणि ते करायचे. सून नंबर लावून द्यायची. सकाळी आठच्या सुमारास फोन वाजायचा. मी धावत जाऊन कागद घेऊन बसायचे. ते म्हणायचे, “नाही आठवलं बाई,” आणि ठेवून द्यायचे. एवढं सांगायला फोन. राग नव्हता त्या आवाजात, आणि तेच मला सोसत नव्हतं. एकदा एवढं म्हणाले की सहावं नाव लहान होतं, दोन अक्षरांचं असावं. पावणेदोन महिने हे चाललं. मग एके दिवशी सुनेचा फोन आला, तेव्हा मला आवाजावरूनच कळलं.

चौकशी समितीनं अहवाल दिला. हानी नैसर्गिक कारणानं झाली, सर्व समित्यांनी आपापल्या अधिकारात योग्य ती पावलं उचलली, कोणीही दोषी नाही. अक्षरशः खरं होतं ते. शोकसभेला गणसंख्या पहिल्याच मिनिटाला पूर्ण झाली. दोन्ही किल्लीवाले शेजारीशेजारी बसले होते. ठराव मांडला गेला, ‘मंडळाचे ज्येष्ठ हितचिंतक’. वह्यांचा उल्लेख करावा का, यावर कुजबुज झाली आणि तो विषय संपादन समितीकडे वर्ग झाला. मी वही मिटली, अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवली आणि घरी आले. पुन्हा तिथे गेले नाही.

तो कागद माझ्याकडे आहे. देव्हाऱ्याच्या फळीवर, स्टीलच्या डब्यात ठेवलाय, आणि डब्याला कडी नाही. फोनमध्ये फोटो आहे, लेकीच्या फोनमध्ये आहे, चाचांच्या सुनेला एक प्रत देऊन आले आहे. पाच नावं आणि खाली दोन रिकाम्या ओळी. ती पाच मी इथे लिहू शकले असते. पेन चार वेळा टेकवलं. पण पाच लिहिली की वाचणाऱ्याला वाटेल, बारव पाचांनीच बांधली. ती सात जणांनी बांधली होती.